आज तू पानांवर

आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि माझी शाळा आठवीत सुटली ती सुटलीच, तेव्हा आपल्या दोघांत लिहिण्या-वाचण्याचा संबंध कधी आलाच नाही. तुम्ही जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण आज सुट्टी आहे, खोलीतले बाकीचे बाजारात गेलेत, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय चैन पडेना म्हणून मोबाईलवर बोटानं एकेक अक्षर टिपत बसलोय. मी सध्या मद्रासच्या बाहेर एका गोदामात कामाला आहे. तुम्ही म्हणायचात, "ह्याना पायले भिंगरी शे." खरं निघालं ते. चोपड्याहून सुरत, सुरतेहून चाकण, चाकणहून इथं. कुठं गेलो की थोडे दिवस बरं वाटतं, मग जीव उठतो. इथं मात्र टिकलोय, आणि आता माझ्या हाताखाली माणसंही दिलीत. म्हणजे तुमच्यासारखा मुकादमच म्हणा, फक्त गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला माझाच फोटो लटकवलेला, हरवलो तर परत आणून द्यायला.

गोदाम एवढं मोठं आहे की या टोकाच्या माणसाला त्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. लोकांनी घरबसल्या मोबाईलवर मागवलेल्या वस्तू आम्ही फळ्यांवरून काढायच्या आणि खोक्यात भरायच्या. भिंतीवर टीव्हीसारखा पडदा आहे, त्यावर सगळ्यांची नावं. जो भराभर काम करतो त्याचं नाव हिरवं, जो मागे पडतो त्याचं लाल. आणि दाराशी एक डबी बसवलीय, तिच्यावर तीन तोंडं: हसरं, सरळ आणि रडकं. काम सुटलं की जाता जाता दिवस कसा गेला त्याप्रमाणे एक तोंड दाबायचं. मागे रांग असते, बाजूला गार्ड उभा असतो, सगळे हसरंच दाबतात. हसऱ्याचा रंग पार उडालाय आणि रडकं अजून काल आणल्यासारखं कोरं आहे. ऑफिसातल्या मॅडमनी हे आणलंय. बाई मनाची चांगली आहे, कामगारांचा जीव बरा राहावा म्हणून तिची खरंच धडपड चालते. मन भरून आलं तर बोलायला एक फोन नंबर लावलाय. आठवड्यातून एकदा तब्येतीसाठी प्रत्येकाला एक केळं देतात. केळं, आबा! मला! थंड खोलीत पिकवलेलं, वरून चकचकीत आणि आत चव नाही. पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी एकटाच हसत सुटलो. ज्या पोराचे सगळे शर्ट केळीच्या चिकानं काळे झाले, त्याला ही बाई केळं देऊन म्हणते, खा, बरं वाटेल.

आणि तिथंच मला तुमची आठवण आली. आपला तो बांध डोळ्यांपुढे आला. बागेच्या कडेला ट्रक लागलाय, ऊन अजून कोवळं आहे, आणि तुम्ही तंबाखू मळत बसलात. आपली केळी भरणारी टोळी एकेक करत येतेय. कोणी डोक्याला फडकं गुंडाळतोय, कोणी पाणी पितोय. तुम्ही कोणाला काही विचारत नाही, नुसतं बघता. मग तंबाखू ओठात ठेवून बोट दाखवता, "आज तू पानेसवर." ट्रकच्या तळाला केळीची पानं अंथरायची, त्यावर घडांचा थर, मध्ये परत पानं, कडेनं पानं, म्हणजे वाटेत माल घासत नाही. बाकीच्यांनी चिखलातून घड वाहून आणायचे, मान मोडेपर्यंत. पानांवरच्या माणसाच्या खांद्यावर मात्र वजन नाही. सगळ्यात हलकं काम, आणि मजुरी सगळ्यांना सारखी. कोणाच्या घरी रात्री भांडण झालेलं, कोणाचं पोर तापानं फणफणलेलं, ते तुम्हाला कसं कळायचं कोण जाणे. चुकायचंही म्हणा. एकदा मला म्हणालात, आज तू पानेसवर. मी म्हटलं, "माले काय व्हयनं?" तुम्ही म्हणालात, "माले काय मालूम. बस." मागून सगळे ओरडले, "आबा, तो पोरगी दखाले गया व्हता, तिनी नही म्हनी दिधं!" तसलं काही नव्हतं. मी रात्रभर जत्रेत हिंडून आलो होतो. पण फुकट मिळालेलं हलकं काम कोण सोडतो.

तुमची बोलणी मी एकदाच खाल्ली, पण ती चांगलीच लागली. आपल्यात तो दोन-दोन घड एकदम उचलणारा गडी होता, त्याचा भाऊ धुळ्याला दवाखान्यात पडून होता. त्या दिवशी त्याच्या हातून घड निसटला. मी मोठ्या कळवळ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय भो, भाऊनी तब्येत कशी शे? जीव बरा नही का तुन्हा?" तो खेकसला, "मस्त शे! तुन्हा बापले इचार!" तुम्ही मला बाजूला घेतलंत. म्हणालात, "चारचौघास्मा इचारं का मानूस खोटंच बोलस. तुले एवढी दया ऊनी व्हई तं दोन घड जास्ती उचल, बोलू नको." मग तुम्ही त्या गड्याला पानांवर जायला सांगितलं, तर तो आणखीच भडकला. "पानं लावाले मी काय लुला शे का?" म्हणत जाऊन निंबाखाली बसला, तो बसलाच. टोळीला आयतंच मिळालं. "दखा रे, नवरी रुसनी!"

दुसऱ्या दिवशी तुम्ही धोतर खोचून स्वतः ट्रकमध्ये चढलात. "आज मी पानेसवर." कोणीतरी खालून विचारलं, "आबा, कंबर धरनी का?" तुम्ही म्हणालात, "कंबर तुन्हा आजानी धरनी. घड हाळू ठेव." नंतर तुम्ही धडधाकट, खिदळणाऱ्या एकाला बसवलंत. मग मला. रोज नवा माणूस, आणि कोणालाच काही झालेलं नाही. त्यातच त्या गड्याची पाळी आली तेव्हा तो फडकं झटकून चढला. दुपारी ट्रक भरून निघाला आणि बघतो तर तो उरलेल्या पानांच्या ढिगावर गाढ झोपलाय, तोंड उघडं. उठवायला गेलेल्याला तुम्ही हातानंच थांबवलंत. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला आता वजन झेपत नाही म्हणून यानं पाळीचं सोंग काढलं. वर्षानुवर्षं तसंच वाटत होतं. तुम्ही काय केलंत ते मला इथं येऊन कळलं, आणि ते कळायला इथल्या एका वाशीमकडच्या माणसाला घालवून बसायची वेळ आली होती.

तो माझ्या हाताखालचाच. चांगला, खोडकर, कामाला वाघ. जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली बसून आईला फोन करायचा. रोज तेच बोलणं, काय रांधलं, म्हशीनं किती दूध दिलं, शेजारीण परत भांडली का. आम्हाला त्या शेजारणीची सगळी भांडणं तोंडपाठ झाली होती. मग ती आई गेली. तो गावी जाऊन, डोकं भादरून परत आला. आता सुट्टी झाली की तो जिन्याखाली बसतो, फोन काढतो, त्याच्याकडे बघतो आणि खिशात ठेवतो. त्याचं नाव पडद्यावर लाल झालं ते लालच राहिलं. एकाच्या खोक्यातलं दुसऱ्याच्या खोक्यात जायला लागलं. वरच्या साहेबानं मला बोलावून सांगितलं, महिना संपेपर्यंत हा सुधारला नाही तर काढायचा, आणि ते त्याला तूच सांगायचं. कर्ज नाही, वाईट सवय नाही, नुसतं आई गेली म्हणून माणसाचं काम जाणार. मला जेवण जाईना.

मला वाटलं, आपल्याला तर उपाय माहीतच आहे. आमच्याकडे शेवटी एक टेबल असतं, खोक्यात वस्तूच्या भोवती कागदाचे बोळे भरायचे, म्हणजे वाटेत फुटत नाही. पानंच की ती! मी त्याला सगळ्यांदेखत म्हटलं, तुझं मन ठिकाणावर नाही, तू आजपासून कागदावर बस. मला वाटलं, आबा असते तर पाठ थोपटली असती. तो गेला टेबलाशी. येणारा-जाणारा बोलायला लागला. एक बिहारी पोरगा म्हणाला, "लो भाई, साहब की कुर्सी लग गई!" दुसऱ्यानं त्याला रिकाम्या हातानं सलाम ठोकला. तो हसला, पण कसा हसला ते मी बघितलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. फोन केला तर म्हणाला, "भाऊ, मी काय लंगडा आहो काय? मले कागदावर बसवलं तुम्ही. लोकं हासून राहिले. मी जातो गावाले, म्हशी राखतो." आणि फोन बंद.

तेव्हा मला कळलं, आबा. मी तुमची अर्धीच गोष्ट उचलली होती. तुम्ही हलकं काम द्यायचात हे मी शिकलो, पण त्या जागेला आजाऱ्याची जागा म्हणून नाव पडू नये म्हणून तुम्ही ती स्वतःच्या अंगानं धुऊन घ्यायचात, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. मी मॅडमकडे गेलो. म्हटलं, त्या टेबलावर रोज नवा माणूस बसवू द्या, पाळीपाळीनं, पहिला मी. तेवढा दिवस त्याचं नाव पडद्यावर धरू नका. ती म्हणाली, "पण कारण काय लिहू? कोणाला काही त्रास आहे का?" मी म्हटलं, "तेच विचारायचं नाही ना, मॅडम." तिनं फॉर्म पुढे ओढला. मग म्हणाली, "काहीतरी लिहावं तर लागतं. प्रशिक्षण लिहिते." आणि वर साहेबाशी तीच भांडली. माझ्यानं ते झालं नसतं, हे तिच्या बाजूनं सांगून ठेवतो.

मी टेबलाशी बसलो. पोरं मला सलाम ठोकायला आलीच. मी म्हटलं, "ठोका, उद्या तुमचा नंबर." त्या बिहारी पोराला दुसऱ्या दिवशी बसवला, तर संध्याकाळी म्हणतो, "भैया, कल भी हम ही बैठेंगे." मग मी वाशीमवाल्याला फोन करून सांगितलं, मीही कागदावर बसलो, तू माझं हसं करायला तरी ये. तो आला, खरंच बघायला आला. दाराशी उभा राहून म्हणाला, "अबे, तुम्ही खरंच बसले होते काय!" आणि कामाला लागला. त्याची पाळी आली तेव्हा बोळे करता करता बोलायला लागला, माझ्याशी नाही, कागदाशीच बोलल्यासारखा. आईच्या हातची पाटवडी, तिची ती शेजारीण, जी आता रोज येऊन रिकाम्या घरापुढे रडते म्हणे. मी मान वर केली नाही. दोन खोकी जास्तीची भरली. पुढचे काही दिवस त्याचं नाव लाल होतं, मग कधी लाल कधी हिरवं, आणि महिना संपला तेव्हा साहेब म्हणाला, ठीक आहे, राहू दे त्याला. मी बाहेर जाऊन पाण्याचा नळ सोडला आणि तोंड धूत राहिलो.

तुमचे उपकार मानायला हे लिहायला घेतलं होतं. मी सुरतेला निघालो तेव्हा तुम्ही कळण्याची भाकर आणि भरीत बांधून दिलंत, तेव्हाही मी थँक्यू-बिंक्यू काही म्हटलं नाही, आपल्यात ती रीत नव्हती. आता म्हणतो. पण लिहिता लिहिता एक गोष्ट निराळीच वर आली. तुमच्या कारभारीण, आक्का, गेल्या आणि घरची चूल तुमच्या पोरीच्या हातात आली, त्या हिवाळ्यात तुम्ही सारखे पानांवर असायचात. पाळी नसली तरी. आम्ही खालून हसायचो. तुम्हाला कोणी म्हटलं नाही की आबा, आज तुम्ही पानेसवर. मुकादमाला कोण म्हणणार? तुम्हीच तुम्हाला म्हणत होतात.

हे कुठं पाठवायचं नाही, पाठवणार तरी कुठं. फक्त एवढं सांगतो. त्या पहिल्या दिवशी मी त्या टेबलाशी सोंग म्हणून बसलो होतो, पण सुटी झाली तरी मला उठावंसं वाटेना. इतकी वर्षं गावोगाव धावतोय, कुठं थांबलोच नव्हतो, हे मला तिथं बसल्यावर कळलं. परवा परत माझी पाळी होती. ती संपल्यावर मी मॅडमकडून आणखी एक दिवस मागून घेतला. तिनं कारण विचारलं. मी म्हटलं, प्रशिक्षण.