बागेत सात माणसं

तांबरम,
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

ती. तुळसीमावशी,

पाया पडते. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे भिंग शोधत बसायला नको. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही, तेव्हा पत्रच बरं.

मी इथं ठीक आहे. खोली स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहे. सोबत एक मुलगी आहे, कॉलेजात शिकवते, सारखी परीक्षेचे पेपर तपासत असते. मेसमधलं रसम म्हणजे चिंचेचं गरम पाणी. तुमच्याकडचं खाऊन पाच वर्षांत जीभ लाडावली, त्याला इथले लोक काय करणार?

मी अशी एका दिवसात सामान उचलून निघाले त्याचा तुम्हाला राग आला असेल. ऑफिसनं अचानक इकडच्या कामावर टाकलं. मैलापूरहून रोजचं येणंजाणं झेपलं नसतं. काकांना जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मी घर सोडलं, हे मला कळतं. यंदा नवरात्रात तुम्ही कोलूच्या बाहुल्या मांडल्या नाहीत. त्या मांडायच्या रिकाम्या पायऱ्या माळ्यावर तशाच राहिल्या, तेव्हा घरात निदान माझा तरी आवाज हवा होता.

तुम्ही सांगितलेला अर्ज लिहून सोबत पाठवते आहे. तमिळ मी सहानाकडून तपासून घेतलं, ती वकील आहे, चूक राहायची नाही. घरासमोरची पुन्नै बाग पर्यटकांसाठी सजवायला आपली हरकत नाही. पण काचेचा पूल, रंगीत दिवे आणि ध्वनिप्रकाशाचा खेळ यांसाठी सगळा निधी घालायचा, आणि आपली पायवाट, तिचा कठडा, बायकांचं स्वच्छतागृह यांची दुरुस्ती अंदाजपत्रकातून काढून टाकायची, हे चालणार नाही. सकाळी पाच ते नऊ फाटक रहिवाशांना तिकिटाशिवाय उघडं हवं. असं सगळं लिहिलं आहे. वाचून सही करा.

पूजेच्या भांड्यांचे दुकानदार कार्तिकेय यांच्याशी अबोला धरू नका. बागेच्या सभेत ते म्हणाले ना, "तुमच्या फेऱ्यांनी माझी चूल पेटत नाही, बाहेरून माणसं आली तर पेटते," त्यात त्यांचंही खरं आहे. मार्गळीतल्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या गाण्याच्या महिन्यावर त्यांचं वर्ष निघतं.

आणि त्या सभेबद्दल शेजारचं कुणी काही सांगायला आलं, तर मनावर घेऊ नका. मंडपात गडबड होती. कोण काय बोललं ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही.

काकांची उरलेली औषधं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात देऊन टाका. गुडघ्याचं तेल लावत चला.

तुमची,
रुचा

•

तांबरम,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

ती. तुळसीमावशी,

तुमचं पत्र वादळाच्या आदल्या दिवशी मिळालं. पावसानं तीन दिवस कोंडून घातलं. त्या तीन दिवसांत ते मी किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही. "कार्तिकैचे दिवे लावायास ये गे. वरची खोली कोणास दिली नाही. तुझी चादर धुवून ठेवली आहे." एवढंच लिहिलं आहे तुम्ही. मी का गेले, याबद्दल एक अक्षर नाही.

सभेत काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं आहे का, हे मला त्यावरून कळत नाही. सांगितलं नसेल तर मला आज सांगायचं आहे. आणि सगळं कळूनही तुम्ही माझी चादर धुतली असेल, तर त्याचीच मला जास्त भीती वाटते.

आधी बातम्या सांगते. माझी नोकरी गेली. इकडचं काम वगैरे काही नव्हतं, मी खोटं लिहिलं होतं. दोन महिने मी इथून रोज गाडीनं त्याच जुन्या ऑफिसात जात होते, तुमच्या घरापासून चार थांब्यांवर. एकदा बसमधून तुम्ही दिसलात. भाजीवाल्याशी घासाघीस करत होतात, हातात काकांची छत्री होती. मी मान खाली घातली.

आता मूळ गोष्ट सांगते. चार वेळा लिहून फाडली आहे.

पुन्नै बागेचा अहवाल आमच्या कंपनीनं केला, हे तुम्हाला माहीत आहे. "माझ्या विभागाचा त्याच्याशी संबंध नाही," असं मी सांगितलं होतं. संबंध होता. गेल्या वर्षी मे महिन्यात, बागेत रोज किती माणसं येतात याची मोजणी करायची होती. चार दिवस, पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत, असा नियम. आमचे सुंदर सर म्हणाले, "उन्हाळ्यात कोण दिवसभर बसणार? दुपारचं बघून घे. खोटं लिहू नकोस, फक्त वेळ निवड." मला त्याच महिन्यात नोकरीत कायम करणार होते. मी का म्हणून विचारलं नाही. दोन दिवस, बारा ते तीन, मी बागेत बसले.

मावशी, मी तुमच्या वरच्या खोलीत राहत होते. त्या खोलीची खिडकी बागेवरच उघडते. पहाटे साडेपाचला चालणाऱ्यांची रांग, फुलं ओवायला बसणाऱ्या बायका, कंपवात झालेले आपले काका कठडा धरून आठ फेऱ्या मारताना, संध्याकाळी मागच्या चाळीतली सगळी पोरं, हे मी रोज दात घासताना बघत होते. मला मोजायचीही गरज नव्हती. आणि मी चेन्नईच्या मे महिन्यात भर दुपारी बसून बागेत माणसं शोधत होते.

पहिल्या दिवशी सात माणसं आली. त्यांतले सातवे काका.

त्यांनी मला खिडकीतून पाहिलं असणार. छत्री घेऊन, स्टीलच्या डब्यात ताक घेऊन ते रस्ता ओलांडून आले. हात थरथरत होता, निम्मं ताक वाटेत सांडलं होतं. माझ्या मांडीवरचा तक्ता बघून म्हणाले, "हे काय गे? या वेळेस कुत्रं सुद्धा येत नाही इथं. सकाळी येऊन मोज की."

मी म्हटलं, "काका, ऑफिसचं काम आहे. त्यांनी हीच वेळ दिली आहे."

ते माझ्याजवळ बसून राहिले. मी ताक पिऊन होईपर्यंत छत्री माझ्यावर धरली. मग डबा घेऊन परत गेले. ते फाटकाबाहेर पडले, आणि मी तक्त्यावर त्यांची रेघ मारली.

त्या दोन दुपारींवरून पूर्ण दिवसाचा हिशेब ताणून अहवालात आलं, "रहिवाशांचा वापर नगण्य, रोज सरासरी तीस." त्या एका ओळीवर पायवाटेचा खर्च गेला. काचेच्या पुलाला पैसे मिळाले. या वर्षी जानेवारीत तो आकडा वर्तमानपत्रात छापून आला, त्या सकाळी तुम्ही आत कॉफी गाळत होतात. काकांनी बातमी वाचली, माझ्याकडे पाहिलं, पेपराची घडी घातली आणि ती उशीखाली ठेवली. तुम्हाला म्हणाले, "आज पेपर आला नाही." आठवतं? तुम्ही पेपरवाल्या पोराला दुसऱ्या दिवशी रागावलात. त्यांना माहीत होतं, मावशी. जाईपर्यंत त्यांना माहीत होतं, आणि ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले.

जुलैत कामासाठी बागेभोवती पत्रे ठोकले, बाग बंद झाली. डॉक्टरांनी चालणं थांबवू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून काका रस्त्यानं चालायला लागले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. उलट्या बाजूनं आलेली मोटारसायकल, गटारासाठी खणलेला चर, मोडलेलं खुब्याचं हाड. ऑपरेशनच्या कागदावर नातं लिहायच्या जागी मी "मुलगी" लिहिलं. तुम्ही बाकावर बसून माझा हात धरला होता. मला तेव्हाच सांगायचं होतं. मग छातीत कफ भरला, मग ते गेले. मग सांगायला तोंड राहिलं नाही.

तेराव्याला तुम्ही म्हणालात, "अर्ज लिहायचा, भांडायचं. तू माझ्याबरोबर आहेस ना?" मी हो म्हटलं. ज्या आकड्याविरुद्ध तुम्ही भांडत होता तो माझा होता, आणि त्याविरुद्धचा अर्जही मीच लिहीत होते.

आता सभेचं.

मी त्या दिवशी रजा टाकली होती. तुम्हाला माइकवरचं कळत नाही, म्हणून तुमच्या डाव्या बाजूला बसून एकेक वाक्य कानात मराठीतून सांगत होते. कुणी "रोज तीस माणसं" म्हटलं, तेही मीच तुमच्या कानात सांगितलं. तुम्ही उठलात. तमिळमध्ये तुम्ही विचारलंत, "कोण मोजलं? माझा नवरा एकटा आठ फेऱ्या मारत होता, तो कोणास दिसला नाही? मोजलेल्या माणसास उभं करा."

सुंदर सरांनी माइक घेतला. त्यांना मी तुमच्याजवळ दिसत होते. म्हणाले, "अम्मा, मोजणारी मुलगी तुमच्याच घरात राहते. तुमच्या शेजारी बसली आहे. तिलाच विचारा."

दोनशे माणसं माझ्याकडे वळली. मागे कुणीतरी हसलं. कार्तिकेय हसले नाहीत. तुमच्याविरुद्ध बोलायला आलेला तो माणूस, त्यानं तुमच्याकडे पाहून डोळे मिटून घेतले.

तुम्ही खाली बसलात, माझ्या दंडाला धरलंत, विचारलंत, "काय म्हणाला गे तो?"

मी तुमच्या कानाशी तोंड नेलं. मोठ्यानं बोलावं लागतं ना. मोठ्यानं म्हणाले, "चौकशी करतो म्हणाले. पुढच्या महिन्यात कळवतो म्हणाले."

आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नव्हतं. सगळ्यांना वाटलं, मी तुम्हाला खरं सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "बरं. माझं ऐकलं तरी." मग माझ्या पाठीवरून हात फिरवलात. त्या माणसांना वाटलं असेल, केवढं मोठं मन आहे या बाईचं, तिथल्या तिथे क्षमा केली.

त्या रात्री मी सामान बांधलं.

परवा शुक्रवारी मी मोजणीचे मूळ तक्ते, त्यांवरच्या वेळा आणि माझा लेखी जबाब असं सगळं प्रकल्प समितीला देऊन आले. एक प्रत सहानाला दिली. दुपारी कंपनीनं मला काढलं. समितीतल्या कारकुनानं कागदावर शिक्का मारला आणि म्हणाला, "पंधरा तारखेला उद्घाटन आहे, निमंत्रणं गेली, आता याचं काय करायचं?" मी तिथे तासभर उभी होते. ओरडलेसुद्धा. एक बाई पाण्याचा पेला घेऊन आली आणि मला जिन्यापर्यंत सोडून गेली. बाग गेली, मावशी. काका गेले. मी काहीही केलं तरी त्यांतलं काहीच परत येत नाही, आणि तरी सकाळी उठून दात घासावे लागतात.

सहाना म्हणते, पूल आता कुणी पाडणार नाही, पण सकाळचे चार तास अजून मिळू शकतात. न्यायालयात जायचं तर अर्जदार रहिवासी हवा, बाग बंद झाल्यानं ज्याचं नुकसान झालं असा. तिच्या मते तुमच्याइतका भक्कम अर्जदार नाही. मंगळवारी अकरा वाजता ती कागद घेऊन तुमच्याकडे येईल. माझा जबाब त्यांत असेल. माझ्यावरच्या रागापायी तिला दारातून परत पाठवू नका. मागच्या चाळीतली पोरं आता उड्डाणपुलाखाली खेळतात, मी बघून आले.

न्यायालयात मला बोलावलं तर मी उभी राहीन. तेव्हा तुमच्या शेजारी बसून कुणी दुसरं तुम्हाला सांगेल, मी काय बोलले ते. त्या माणसाला नीट सांगायला सांगा, एकही शब्द गाळू नको म्हणावं.

येत्या शुक्रवारी दिवे आहेत. मी येणार नाही. तुम्ही हे माहीत नसताना बोलावलं असेल, तर उद्या बोलावणं मागे घेतलंत तरी ते मला समजेल. वरची खोली भाड्यानं द्या. चांगलं कुटुंब बघा, घरात आवाज राहील. खिडकीला मात्र जाड पडदा लावून द्या, पंधरा तारखेपासून ते रंगीत दिवे रात्रभर खोलीत येतील.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, आणि मग मला हे सगळं संपलं असं वाटेल.

पत्राखाली "तुमची" लिहायला हात जात नाही. पूर्ण नाव लिहिते आहे, जबाबावर आहे तसंच.

रुचा माणिक हत्तुरे