टोकं सोडून

सर, तुमचं नाव वर्गाला द्यावं असा अर्ज आज माझ्या टेबलावर आलाय. खोली क्रमांक सात, तीच. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी केलाय, सोबत हार घातलेल्या तुमच्या फोटोची प्रत जोडलीय, आणि गणिताची विभागप्रमुख म्हणून सही लागणार आहे ती माझी. माझी! वाचून मी एकटीच खो खो हसले. शिपाई दारातून डोकावून गेला.

त्या खोलीत मी तिसऱ्या बाकावर बसायचे. कबनूरहून दोन बस बदलून यायचे, ओढणीला घरच्या यंत्रमागाच्या तेलाचा वास असायचा. एके दिवशी तुम्ही फळ्यावर दोन ठिपके काढता, एकाला कबनूर म्हणता, दुसऱ्याला कागल, आणि मधे पाचसहा गावं. प्रमेय असं: दोन ठिकाणांमध्ये थेट रस्ता नसेल, तर एकमेकींना न शिवणाऱ्या जास्तीत जास्त जितक्या वाटा निघतील, तितकीच मधली गावं कमीत कमी बंद पाडावी लागतात, तेव्हा संपर्क तुटतो. ऐकून मला भारीच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मग न शिवणाऱ्या वाटा म्हणजे काय, तर 'एकही बिंदू सामाईक नको', असं लिहून तुम्ही खाली दोन रेघा मारल्यात. मी हात वर केला.

"सर, दोन्ही वाटा कबनुरातनंच निघत्यात की. मग कबनूर सामाईक झालं न्हवं?"

तुम्ही खडू खाली ठेवलात. "हिला कबनूर काय सोडवंना!" वर्ग हसला, तसा तुम्हाला चेव आला. "धोट्यागत डोकं हाय बाई तुझं. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं, पर मागातनं भाईर न्हाय. बस खाली." मी बसले. अब्बांच्या मागावर दिवसभर सूत घेऊन धावणारा तो धोटा वर्गात असा हसण्यावारी गेलेला मला अजून सहन होत नाही. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन जाडं पुस्तक उघडलं, तर व्याख्येत दोन शब्द जास्त होते: टोकं सोडून. म्हणजे चूक तुमची होती. आणि ती तुम्हाला कळलीही होती, कारण दुसऱ्या दिवशी व्याख्या पुन्हा सांगताना ते दोन शब्द तुम्ही गुपचूप घातलेत, माझ्याकडे न बघता.

एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. पण एम.एस्सी.साठी शिफारसपत्र मागायला आले, तेव्हा तुम्ही अर्ज परत सरकवलात. "माझ्या सहीबिगर हितनं फुडं वाट न्हाय." घरी येऊन मी रडले. अब्बा माग बंद करून आले आणि म्हणाले, "माणूस हाय त्यो, टोलनाका न्हाय. दुसरीकडनं जा." गेले. जयसिंगपूरला शाळेत शिकवलं, धारवाडला परीक्षा दिल्या, तिथंच पीएच.डी. केली. सगळी वाट तुम्हाला न शिवता.

आता तेच प्रमेय मी शिकवते. दरवर्षी मधे एक ठिपका जरा मोठा काढते, मनातल्या मनात त्याला तुमचं नाव देते आणि डस्टरनं पुसते. मग कबनूरहून निघालेल्या पोरीबद्दल मुलांना विचारते, "पोरगी पोचली का न्हाय कागलला?" सगळी ओरडतात, "पोचली!" फार बरं वाटतं, सर. मी इथं रुजू व्हायच्या आधीच तुम्ही गेलात, याचा मला राग आहे. दुःख नाही, राग. विभागप्रमुखाच्या या खुर्चीत बसलेली मी तुम्हाला दिसायला हवी होते.

सही मी करणार नाही. अर्ज ड्रॉवरमध्ये घातलाय, कुलूप लावलंय, आणि हे पत्रही आता त्याच्याच खाली जाईल. पण एक गोष्ट राहिली. धारवाडला मला कायमची नोकरी देत होते, खोलीही छान होती, खिडकीत कडुलिंब. मी नको म्हणाले. मला खोली क्रमांक सातच हवी होती. इतक्या गावांना वळसे घालून तुम्हाला चुकवलं आणि येऊन थांबले ती तुमच्याच फळ्यासमोर. दरवर्षी पुसते तो ठिपका तुम्ही नव्हेच, सर. मधलं गाव असतात, तर कधीच पुसले गेला असतात; तुम्ही तर टोक निघालात.