वाढलेल्या बांगड्या

अण्णा, तीर्थपुरीच्या आपल्या दुकानात तुमच्या हयातीत एकही बांगडी फुटली न्हाई. वाढली. नारळ फोडायचा न्हाई, वाढवायचा. संध्याकाळी दुकान बंद करायचं न्हाई, वाढवायचं. एकदा बाजाराच्या दिवशी बांगड्या भरताना माझ्या हातून एक गेली आणि मी ओरडलो, "फुटली!" तुम्ही चारचौघींसमोर झापलंत, "गाढवा, सवाष्णीचा हात धरून असं बोलतेत का? वाढली म्हण." वर त्या बाईला एक जास्तीची भरलीत. मला ते सगळं थोतांड वाटायचं, पण शब्द जिभेवर बसला तो बसलाच.

मंग तुम्ही गेलात, आणि बायकांनी आईच्या बांगड्या वाढवल्या. त्यांनीही हाच शब्द वापरला हो! काय वाढलं होतं त्यात? मला त्या शब्दाचा फार राग आल्ता, तुमचासुद्धा. तेव्हापासून आई दुकानात बसते, पोरींना रंग निवडून देते, तिचे हात मात्र मोकळे. कासाराच्या घरात हे अकरा वर्षं चाललं आणि मी चालू दिलं.

काल माझ्या लेकीचा हिरवा चुडा भरायचा होता. आई गुपचूप आतल्या खोलीत जाऊन बसली. पोरगी हटून बसली, "आधी आजीला भरा, मंगच मी हात पुढं करीन." आत्याबाई कडाडल्या, "असं कुठं असतंय का?" मी आत गेलो, आईला धरून आणलं, पाटावर बसवलं. ती म्हणाली, "लोकं काय म्हणतील रे?" म्हटलं, "म्हणू दे. हात ढिला सोड." पहिलीच बांगडी तिच्या सांध्यावर अडली आणि तडकली. मला वाटलं, आता आई उठणार. तर आत्याबाईच पुढं सरकल्या, "वाढली गं वहिनी. अन् बघत काय बसलास? मोठ्या मापाची घे की, जल्दी!" आई रडत रडत हसली. डझनभर भरल्या, अण्णा. आज सकाळपासून घरात तिच्या बांगड्यांचा आवाज येतोय.

हा कागद कुठं धाडायचा, मला ठाऊक न्हाई. पण एक कबूल करतो. साऱ्या गावातल्या बायकांची मापं मी नुसत्या नजरेनं सांगतो. आईचा हात मात्र इतक्या वर्षांत कधी हातात घेतलाच न्हाई. दोन-चारच्या मापाची भरायला गेलो होतो. तिला दोन-सहा लागते.