आधी तू खायचंस

तारकर्ली,
मंगळवार

प्रिय नमू,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. 'आई, मीटिंग आहे' म्हणतेस आणि ठेवतेस. म्हणून कागद घेतला. रागातच लिहिते आहे, हे आधीच सांगते. नंतर 'आईचा सूर कसा होता' म्हणून सुदेशरावांना विचारत बसू नकोस.

गणपतीत काकांच्या घरी मी मोदक वळायला खाली बसले आणि उठताच येईना, तो दिवस तुझ्यासमोरच झाला. यशोदाकाकीने आणि तू मला काखेत हात घालून उचललंत. पाय दुखत नव्हते, मुरगळले नव्हते, नुसते माझं ऐकत नव्हते. चौसष्ट वर्षांच्या बाईला चारचौघांत पोत्यासारखं उचलतात तेव्हा तिला काय वाटतं, ते सांगत बसत नाही. पण त्याच संध्याकाळी पडवीत तुम्ही दोघांनी ठरवलं, की आईचं आता वय झालं, घराला कुलूप लावू, तिला ठाण्याला नेऊ. मी तिथेच तांदूळ निवडत होते. एकदाही माझ्याकडे वळून कुणी विचारलं नाही. सुदेशराव जावई, परके, त्यांचं सोड. तू?

तुम्ही गेल्यावर मी मालवणला गेले. तिथे व्यायामाने उपचार करणारी सलोनी आहे, आपल्या बाबलीची नात. माझ्याच अंगणवाडीत ती रडत यायची. तिने माझ्या मांडीभोवती टेप धरला, मला खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं, आणि मी तीनदाच उठू शकले. मग तिने विचारलं, "बाई, सकाळी काय खातास?" मी म्हटलं, चहा आणि दोन खारी. तिने टेप खाली ठेवला. "तुमी आमका उसळ खावक शिकवलास, आनी स्वतः चायेर दिवस काढलास?"

नमू, मला कानफटात बसल्यासारखं झालं. तीस वर्षं मी गावातल्या बायांना सांगत फिरले, पोराला अंडं द्या, कडधान्य द्या, वजन करून न्या. आणि घरी? अंडं तुझ्या बाबांना, माशाची मधली तुकडी तुला, डाळीचं वरचं पाणी मला. कुणी जबरदस्ती केली नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. कुणी केली असती तर भांडले तरी असते. सलोनी म्हणाली, हे नुसतं वय नाही. मांस झिजलंय, कारण ते राखायला तुम्ही काही खाल्लंच नाहीत. तिने रक्त तपासून घेतलं, मूत्रपिंडं बरी आहेत म्हणाली, आणि रोज सकाळी काय आणि किती खायचं ते कागदावर लिहून दिलं.

आता माझी न्याहारी ऐक. निम्मं तांदळाचं आणि निम्मं कुळथाचं पीठ, त्यात एक अंडं फोडून दोन घावणे. बरोबर आदल्या दिवशी भिजत घातलेल्या काळ्या वाटाण्यांची वाटीभर उसळ, खोबरं बेताचं. आणखी एक उकडलेलं अंडं. सोमवारी अंडी नाहीत, त्या दिवशी मोडाचे मूग आणि दही. कधी सुक्या जवळ्याची किसमूर, कांदा-खोबरं कालवून. पहिला आठवडा मला ते संपेना, निम्मं ताट झाकून ठेवायचे. शिवाय नुसतं खाऊन बसलं तर अंगी लागत नाही, म्हणून खुर्चीतून उठबस, आणि तुझ्या बाबांच्या जुन्या मोज्यांत वाळू भरून ते पायाला बांधून पाय उचलायचे.

यशोदा दारातून बघून गेली. ती तुझी काकी, तिचं तोंड तुला माहीत आहे. "सकाळच्या पारी दोन दोन अंडी खातंस, आता अंग कमावून खंय कुस्ती खेळूक जातलंस गो?" मी म्हटलं, "न्हाणयेत एकट्यान उठाक व्हया, तेच्यासाठी."  आता तिच्याच चुलीवर कुळथाचे घावणे होतात, पण ते ती कबूल करणार नाही.

आणि तू काय केलंस? फोनवर म्हणालीस, "आई, या वयात अंडी? कोलेस्टेरॉलचं बघ जरा." मी चाळीस वर्षं खारी खाल्ली तेव्हा कुणाला माझं कोलेस्टेरॉल आठवलं नाही.

परवा रविवारी मी पडवीत चटई टाकून खाली बसले, लसूण सोलली आणि उठले. कशाला हात लावला नाही. कुणी बघायला नव्हतं. पुन्हा बसले, पुन्हा उठले. खुर्चीतून आता चौदा वेळा उठते. तेव्हा घराला कुलूप लागणार नाही, हे सुदेशरावांना सांग.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. त्याच रविवारी दुपारी तुझा फोन आला. बोलता बोलता म्हणालीस, की कपाट आवरायला खाली बसले होते, उठताना सुदेशचा हात धरावा लागला. आणि हसलीस, "तुझ्यावर गेले गं." त्या हसण्याचा मला दोन दिवस राग येतो आहे. तू एक्केचाळीस वर्षांची आहेस. गेल्या वर्षी दिवाळीत तुझ्याकडे चार दिवस होते, तेव्हा मी पाहिलंय. अनिशला जिमला जायचं म्हणून सहा अंड्यांचा पांढरा भाग, काट्यावर तोललेलं पनीर, वाटीभर भिजवलेले चणे. सुदेशरावांचा डबा. आणि तू ओट्याला टेकून चहा पीत होतीस, त्यात अनिशने टाकलेल्या पावाच्या कडा बुडवून. चारही दिवस. मी पाहिलं आणि बोलले नाही, कारण मला त्यात काही वेगळं दिसलंच नाही. हे तुला मी शिकवलंय, नमू. तोंडाने नाही, रोज तुझ्यासमोर तसंच वागून.

शुक्रवारी कुडाळहून गाडीत बसते. आठ दिवसांसाठी येते आहे, राहायला नव्हे. कुळथाचं पीठ आणि वाटाणे घेऊन येते. सकाळी सात वाजता मी ताट वाढीन, तू बसून खायचंस आणि मी समोर बसेन. अनिशला आणि त्याच्या वडिलांना सांगून ठेव, आठ दिवस त्यांची न्याहारी तुझ्यानंतर.

तुझ्यावर आणि स्वतःवर सारखीच रागावलेली,
तुझीच,
आई