राक्षसिणीच्या मुदपाकखान्यात सासरेबुवा

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं काय झालं? भावोजींचा खोकला थांबला असेल, नसेल तर निदान त्याची सवय झाली असेल. इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. मी दुकानातच बसलोय. समोर एक बाई अर्ध्या तासापासून चष्म्याच्या फ्रेम लावून बघताहेत, त्या ठरवेपर्यंत हे पत्र पुरं होईल.

तू बदली होऊन गेलीस आणि जाताना आपला रविवारचा खेळ माझ्या गळ्यात बांधून गेलीस. चार माणसांनी टेबलाभोवती बसून आपण योद्धे, चोर, मांत्रिक आहोत असं समजून बोलायचं, मी त्यांच्यापुढे संकटं मांडायची, आणि कोण तरलं, कोण बुडालं ते वीस बाजूंच्या फाशाला विचारायचं. (हे तुला सांगायची गरज नाही, पण पोस्टमनने चुकून वाचलंच तर त्याने मला वेडा समजू नये.) तुझी भावजय आपली योद्धा, वायरमन चोर आणि दंतवैद्य सरदार, हे तुला ठाऊकच आहे. चौथी खुर्ची माझी होती, मी तुझ्या जागी आल्यावर ती रिकामी झाली. तिथे आता सासरेबुवा बसतात. सासूबाई गेल्यापासून पाच महिने ते आमच्याकडेच आहेत. ताटात पडेल ते जेवतात, "ठीक आहे" म्हणतात आणि खोलीत जातात. चार शब्द बोलतील म्हणून हिने त्यांना खेळात ओढलं आणि मांत्रिक केलं. मांत्रिक होऊनही ते दर रविवारी एकच वाक्य बोलायचे : "हे जातील तिकडे मी येतो."

मध्यंतरी दंतवैद्याने सलग तीन रविवार दांडी मारली, म्हणून मी त्याच्या सरदाराला राक्षसिणीच्या कैदेत टाकलं. (गैरहजर माणसाला कैद करायचं, हे धोरण तुझंच.) पुढे त्याला सोडवायचं कसं असं तुला विचारलं, तेव्हा तू लिहिलंस की मारामाऱ्या पुरे झाल्या, आता पाककलेची स्पर्धा ठेव, राक्षसिणीला ज्याचा पदार्थ आवडेल त्याने सरदाराला मागून घ्यावं, नाहीतर सरदारच हंड्यात. तुझं काय जातंय लिहायला. ज्याला दूध उतू जाताना दिसतं पण सुचत काही नाही, अशा माणसाने आठ दिवस बसून चिरण्याचे, फोडणीचे आणि आचेचे नियम बनवले. डोक्यात तेच घोळत होतं, त्यामुळे एका आजोबांना चष्म्याच्या नंबराऐवजी "मंद आचेवर" असं लिहून दिलं. ते घेऊन गेलेही.

रविवारी स्पर्धा सुरू झाली. योद्धा म्हणाली, घरी तेच आणि इथेही तेच होणार असेल तर मी लाकडं फोडते, स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी बघा. वायरमनने राक्षसिणीच्या आचाऱ्याचं मीठ सफाईने चोरलं आणि ते खिशात सापडल्यामुळे तो पहिल्या दहा मिनिटांत बाद झाला. उरले सासरेबुवा.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "माणसं किती?"

मी म्हटलं, बारा राक्षस.

"म्हणजे चाळीस माणसांचं धरू. भांड्याचं बूड जाड आहे का?"

बुडाचा विचार मी केला नव्हता. जाड आहे म्हणालो. मग ताई, ते तासभर बोलले. तरुणपणी रस्त्यांच्या मोजणीवर होते, माळावर तंबू होते, आचारी पळून गेला आणि अकरा दिवस चाळीस माणसांना रस्सा करून घालावा लागला. कांदा जाडच का चिरायचा, बटाटा कधी टाकायचा, मिरी अख्खी का घालायची, सगळं. वायरमनने चहा थंड होऊ दिला. ही वडिलांकडे बघत राहिली होती, पाच महिन्यांत तिने त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "झालं. वाढा."

आणि मी, तुझा शहाणा भाऊ, म्हणालो, "बाबा, फासा टाकावा लागेल."

"कशाला? रस्सा झालाय."

"टाका हो काका, नावापुरता," दंतवैद्य म्हणाला. त्याचा जीव टांगणीला होता.

त्यांनी टाकला. एक पडला. वीस बाजूंच्या फाशावर एक म्हणजे सत्यानाश. हिने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली, वायरमन छताकडे बघू लागला. मला काहीही सांगता आलं असतं. पण मला त्या क्षणी न्यायबुद्धी सुचली. (ती मला आयुष्यात नेहमी चुकीच्या दिवशी सुचते.) मी म्हटलं, "बाबा, बुडाला लागला."

त्यांनी चष्मा घडी घालून खिशात ठेवला. "माझा रस्सा कधी लागत नाही, जावईबापू," एवढं बोलून ते खोलीत गेले. सरदार हंड्यात गेला. दंतवैद्य जाताना म्हणाला, "तुझी एक अक्कलदाढ अजून बाकी आहे, लक्षात ठेव."

पुढचे चार दिवस सासरेबुवा अबोल आणि ही त्यांच्या बाजूने अबोल. गुरुवारी संध्याकाळी घरी आलो तर शेजाऱ्यांचं अजस्र पातेलं आमच्या शेगडीवर, टेबलावर सालांचा ढीग, आणि साक्षीदार म्हणून फोन करून बोलावलेले दंतवैद्य नि वायरमन स्टुलांवर. सासरेबुवा म्हणाले, "बसा. आज फासा नाही." सगळं सांगितल्याबरहुकूम चाललं होतं. मग दंतवैद्याने सहज विचारलं, काका, हे शिकलात कुणाकडून?

रस्सा ढवळायचा डाव हातात घेऊनच ते आमच्याकडे वळले. "मी कुठला शिकतोय," ते म्हणाले. "तंबूत रस्सा तिने केला होता. लग्नाला दोन महिने झाले होते. मी फक्त लाकडं आणायचो आणि बघायचो." मग ते सासूबाईंबद्दल बोलायला लागले. धुराने डोळे लाल व्हायचे, तरी ती मुकादमाला दटावायची. मुकादम तिला इतका घाबरायचा की मीठ कमी आहे हे त्याने अकरा दिवस सांगितलं नाही. पातेल्याकडे त्यांची पाठ होती. आधी मला वास आला, मग वायरमनला. हिने माझा हात धरला. आम्हा चौघांनाही कळलं होतं, पण कुणी उठलं नाही.

बोलून झाल्यावर त्यांनी झाकण काढलं, तळाशी डाव घासून बघितला.

"लागलाय," ते म्हणाले. माझ्याकडे वळले. "तुमचा फासा खरा निघाला, जावईबापू." आणि हसले. खूप वेळ हसत राहिले, आणि मधेच डोळे पुसले. मग दोन वाट्या रस्सा मागून घेऊन जेवले. आम्हीही जेवलो. करपटच होता. पातेलं मी घासलं, तेव्हापासून उजवा खांदा वर होत नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा दमलेला भाऊ

ता. क. : पत्राचं खरं कारण असं की माझ्याच्याने हा खेळ आता निभत नाही. रजा काढून ये आणि परत हातात घे.

ता. क. २ : ही पत्र वाचून म्हणाली, वरचं खोड. सासरेबुवांनी परस्पर जाहीर केलंय की या रविवारपासून खेळ ते चालवणार. त्यांनी मुदपाकखान्याचा मोजमापांसकट नकाशा काढलाय. त्यांच्या मते हंड्याचं झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून सरदार निसटून जिवंत आहे. दंतवैद्य माझ्याशी बोलू लागलाय. तेव्हा येऊ नकोस.

ता. क. ३ : सासरेबुवांनी खेळात मला राक्षसिणीच्या पदरी कांदे सोलायला ठेवलंय. दोनशे कांदे आहेत, आणि मला बोलायची परवानगी नाही. खेळ सुटावा म्हणून मी तळमळत होतो आणि आता सुटलाय तर करमत नाही. तुझा शब्द ते मानतात. त्यांच्या नावे एक पत्र टाक, मला निदान कांद्यावरून गाजरावर तरी घ्या म्हणावं.