खरं वाटत नाही

४ नोव्हेंबर
पोचले! आनंद नुसता पोटात मावत नाहीये. ज्यांची पुस्तकं पांघरुणात लपवून वाचली, त्यांच्याच घरात, त्यांच्याच कादंबरीचा मजकूर टाइप करायला मी आलेय. वर राहायला खोली. खिडकीला गज आहेत आणि समोर कारखान्याची उंच भिंत. आत यंत्रं दिवसभर धडधडतात, फक्त जेवणाच्या सुट्टीत थांबतात. असू दे. टेबल मात्र एवढं मोठं, की मी त्यावर झोपूही शकेन.

दादाने बॅगा वर आणून दिल्या. दमून खुर्चीत बसला आणि म्हणाला, "लोकांचं वाकून बघायचं आणि आपलं झाकून ठेवायचं, हाच ना गं तुम्हा लेखकांचा धंदा?" सर मनापासून हसले. त्यांच्या बायकोने, काकूंनी, त्याला आग्रह करून जेवायला ठेवून घेतलं.

७ नोव्हेंबर
काम म्हणजे शाळाच आहे. सर सांगतात, मी टाइप करते, मग मोठ्याने वाचून दाखवायचं. अडखळले की ते वाक्य बाद. विशेषणांवर त्यांचा दात आहे. आज मी धीर करून माझी एक कथा त्यांना वाचायला दिली. संध्याकाळी परत मिळाली. समासात तांबड्या पेन्सिलीने एकच शेरा, पानोपानी: 'खरं वाटत नाही.' वाईट वाटलं, पण खोटं कसं म्हणू?

सर म्हणाले की सुचणं-बिचणं सगळं झूट असतं. आपण बघितलेलंच लिहू शकतो. त्यांना तर आयुष्यात कधी काही सुचलंच नाही म्हणे. मला तो मोठ्या माणसाचा विनय वाटला.

११ नोव्हेंबर
सकाळी टाइप करत होते. काकू धावत वर आल्या. म्हणाल्या, तुझ्या भावाला ट्रकने उडवलं, आत्ता फोन आला. खुर्चीतून उठले. भिंत धरायला गेले तर भिंत हाताला लागेना. बरीच मिनिटं गेली असतील, मग लक्षात आलं की सर समोर उभे आहेत आणि माझ्या हाताकडे टक लावून बघताहेत.

फोन आलाच नव्हता. दादा धडधाकट आहे, मी स्वतः बोलले त्याच्याशी. सरांनी माफी मागितली, पाणी दिलं. नायिकेला वाईट बातमी कळते तो परिच्छेद अडला होता, म्हणाले. दुपारी तो त्यांनी सांगितला आणि मी टाइप केला. त्यात ती बाई भिंत शोधते. इतकं सुंदर मी कधी वाचलेलं नाही.

बॅग भरायला हवी होती. भरली नाही. आपला हात त्या पानात आहे, याचा कुठेतरी अभिमानच वाटला. काय म्हणावं मला?

१४ नोव्हेंबर
काकूंचा डावा हात कोपरापर्यंत भाजलेला आहे, कातडी चकचकीत. आज भाजी निवडताना विचारलं. त्या अगदी सहज बोलल्या, जणू दागिना कुठे घडवला ते सांगताहेत. "तिसऱ्या कादंबरीत आग आहे ना, तेव्हाचं. यांनी बाहेरून कडी लावली होती. लोक अजून त्या पानाबद्दल पत्रं पाठवतात."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. देठं बाजूला करत राहिल्या.

नव्या कादंबरीत सासरची माणसं बाईला खोलीत कोंडतात. तेच प्रकरण कित्येक वर्षं अडलंय, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. उद्या सकाळी निघणार. दादाला कळवलंय की येतेय, कारण घरी सांगेन.

काकूंनी चहा दिला. कडू लागला. डोळे मिटतायत —

१५ नोव्हेंबर
दार बाहेरून बंद. मोबाईल नाही. तांब्यात पाणी नाही.

ओरडले, गज हलवले, खुर्ची आपटली. यंत्रांपुढे माझा आवाज खिडकीबाहेर जाईना.

सर दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेत. आवाज नेहमीचाच, मायेचा. म्हणाले, मारझोड करणाऱ्यातला मी नाही. फक्त कोंडलेल्या बाईच्या आत काय होतं ते मला हवंय. काकूंना सांगता येत नाही, तू लिहिणारी आहेस. दाराखालून कोरे कागद सरकवले. पान खरं उतरलं की पाणी मिळेल.

ही वही मात्र गादीखाली ठेवलीय. ही माझी.

१६ नोव्हेंबर
भीती वाटत नाही, असं लिहून दिलं. पान परत आलं. तांबडी पेन्सिल. खरं वाटत नाही.

खूप भीती वाटते, असं लिहिलं. तेही परत. विशेषणं जास्त.

मग जीभ टाळूला कशी चिकटते ते लिहिलं. थुंकी गिळायची म्हटलं तर घसा कसा —

दार वीतभर उघडलं. अर्धा पेला आला. बाहेर सर रडत होते. छान लिहितेस गं, म्हणाले.

पाणी प्यायले. आणि, देवा, ते ऐकून बरं वाटलं मला.

१७ नोव्हेंबर
दादा आलाय.

यंत्रं थांबलीत. जेवणाची सुट्टी. खालून त्याचा आवाज स्वच्छ येतोय. ती घरी पोचली नाही, म्हणून आलो, म्हणतोय. काकू म्हणाल्या, ती तर परवाच गेली, वाटेत मैत्रिणीकडे राहणार होती, बस की रे, चहा टाकते.

मी श्वास घेतला, ओरडणार —

सर दाराला तोंड लावून हळूच बोलले. "काकू चहा टाकतायत. त्यात काय घालायचं ते तुझ्यावर आहे. गप्प राहिलीस तर नुसती साखर."

मी स्वतःच तोंडात ओढणी कोंबली.

कपबशी वाजली. दादा काहीतरी बोलून हसला. मग फाटक. मग त्याची मोटरसायकल. चालू झाली. गेली.

गेला. सुखरूप गेला.

संध्याकाळ
कागद आलाय. वर त्यांच्या अक्षरात एकच ओळ: 'ती ओरडली का नाही?'

नाही देणार. पाणी नको. माझं सगळं घ्या, पण हे एक पान नाही मिळायचं. कोरा कागद परत सरकवला.

बाहेर कागद उलटसुलट केल्याचा आवाज.

खुर्ची सरकली. काकूंना हाक मारली त्यांनी. काकू येतायत.

कडी वाजली —

इथेच लिहून ठेवते, कुणाला तरी मिळेल. दादा, तू खाली होतास, मला ऐकू येत होतं सगळं. मी ओरडले नाही, कारण —