पांढरी लव

४ डिसेंबर, साखरखेर्डा
पहिली नोकरी, आणि घरमालकीण अशी की सामान उतरवायच्या आत बनाबाईंनी माझ्यापुढे गरम भाकरी अन् वांग्याची भाजी ठेवली. त्या आणि त्यांचे यजमान दयाराममामा दोघंच राहतात. घरामागे त्यांची रेशीम अळ्यांची शेड आहे. हजारो अळ्या तुतीचा पाला खातात तेव्हा पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा आवाज येतो. शेडला लागून बटाट्याचं शेत. माझं काम तिथं. पाकोळी नावाच्या पतंगाच्या अळ्या बटाटा पोखरतात. त्यांच्यावर विषारी औषध मारायचं नाही, बुरशी फवारायची. इथल्याच मातीत सापडलेली, मी प्रयोगशाळेत वाढवलेली.

९ डिसेंबर
फवारणी झाली. वारा शेडकडे वाहत होता. रेशीम अळ्या जवळ असतील तर ही बुरशी वापरायची नसते, हे मला ठाऊक आहे. पण साहेबांना घाई होती, आणि मला नोकरी टिकवायची होती.

१४ डिसेंबर
पाकोळी आटोक्यात आली. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. दुपारी बनाबाईंनी शेडमध्ये बोलावलं. आत आवाजच नाही. अळ्या खडूसारख्या कडक, पांढऱ्या. थंडीनं झालं असेल, असं मी म्हणाले.
"माह्याच हाताचा दोष असंन, पोरी," त्या म्हणाल्या, आणि मेलेल्या अळ्या ओंजळीत वेचत राहिल्या.

१७ डिसेंबर
बनाबाईंच्या तळव्यांवर पांढरी लव आलीय. ही बुरशी माणसाला लागत नाही, असंच शिकलेय मी. त्या राखेनं हात घासतात. रक्त येतं, लव जात नाही. कशानं झालं असंन, असं दयाराममामांनी मला विचारलं. मी हळद लावायला सांगितली.

१९ डिसेंबर
त्यांची बोटं मिटत नाहीत. तरी माझ्यासाठी चहा केला. मी प्यायले. तेव्हाच सांगायला हवं होतं —

२० डिसेंबर
लव भिंतीवर. माझ्या उशीवर. धुतली — परत आली. मामा डॉक्टर आणायला मेहकरला गेलेत.

२१
मान वळत नाही. बनाबाई उशाशी. त्या पांढऱ्या हातानं माझं कपाळ पुसतात, रडतात. म्हणतात, "माह्यामुळंच लागलं तुले. माफ कर."
नाही — तोंड उघडत नाही माझं — हात तेवढा चालतो — बनाबाई, ती बुरशी मीच —